तेलुगू क्रियापद नकारात बदलतं

'नाकु तेलुगु रादु.' लग्न होऊन आदिलाबादला आलेली यवतमाळची मुलगी असो, किनवटहून दुकान टाकायला आलेला तरुण असो की बेला-जैनथकडच्या मराठी शाळेतला पाचवीचा विद्यार्थी, तोंडात बसणारं पहिलं तेलुगू वाक्य बहुधा हेच असतं. मला तेलुगू येत नाही. काही महिन्यांनी 'येते' असं म्हणायची वेळ आली की हाच माणूस 'रा'ला होकाराचा एखादा प्रत्यय जोडू पाहतो आणि अडकतो, कारण 'रा'पासून तो होकार होतच नाही. 'नाकु तेलुगु वच्चु' असंच म्हणावं लागतं. येणे हे क्रियापद एकच, पण होकारात ते 'वच्चु' आहे आणि नकारात 'रा'. तेलुगूतल्या बहुतेक अनियमित क्रियापदांची अडचण या दोन वाक्यांत सामावलेली आहे. ती नीट समजून घेतली तर पुढचा अभ्यास निम्म्याने हलका होतो.

या भागात मराठी नवखी नाही. 1956 पर्यंत राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार राज्यरचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि पैनगंगेच्या अलीकडची मराठी गावं तेलुगू राज्यात राहिली. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दखनी, उटनूरकडे गोंडी आणि कोलामी असा हा मुलूख आहे. 2018 मध्ये तेलंगणात शाळांमधून तेलुगू शिकवणं कायद्याने सक्तीचं झालं, त्यामुळे मराठी माध्यमातल्या मुलांनाही आता तेलुगूचा पेपर चुकत नाही. मुलांना शब्द लवकर येतात. अडतं ते क्रियापदापाशी, आणि म्हणून हा लेख फक्त क्रियापदांबद्दल आहे.

बहुतेक भाषांत काही क्रियापदं नियम मोडतात, आणि ती नेमकी रोज लागणारी असतात. जाणे, येणे, होणे, देणे, असणे. मराठीत ही मोडतोड भूतकाळात होते: जातो पण गेला, येतो पण आला, होतो पण झाला, करतो पण केला. बाहेरच्या माणसाला 'जा'वरून 'गेला' कसं ओळखावं हे कोणताही नियम सांगत नाही. शब्द स्वरांत संपतात म्हणून तेलुगूला पूर्वेकडची इटालियन म्हणायची जुनी रीत आहे. त्या खऱ्या इटालियनमध्ये मोडतोड पुरुष आणि वचनात होते. आंदारे म्हणजे जाणे, पण मी जातो म्हणताना 'वादो' आणि आम्ही जातो म्हणताना 'आंदियामो'. एस्सेरे म्हणजे असणे, त्याचं मी आहे म्हणताना 'सोनो', मी होतो म्हणताना 'एरो' आणि मी असेन म्हणताना 'सारो'. तिथे विद्यार्थ्याला काळ आणि अर्थ यांचे तक्तेच्या तक्ते घोकावे लागतात. तेलुगूत तशी गरज नाही. तेलुगूत पुरुष-वचनाचे प्रत्यय जवळजवळ अढळ आहेत, धातू बदलतो, आणि तो बदलतो नकाराच्या बाजूला. म्हणून इटालियनसारखे तक्ते करून तेलुगू शिकायला बसू नका. त्यात वेळ जातो आणि बोलणं काही येत नाही.

आधी प्रत्यय पाहून घेऊ. मी येईन 'वस्तानु', तू येशील 'वस्तावु', तो येईल 'वस्ताडु', ती किंवा ते येईल 'वस्तुंदि', आम्ही येऊ 'वस्तामु', तुम्ही याल किंवा ते लोक येतील 'वस्तारु'. शेवटचा नु, वु, डु, दि, मु, रु हा क्रम पाठ झाला की तो प्रत्येक क्रियापदाला चालतो, मग ते कितीही अनियमित असो. वस्तू आणि जनावरं अनेक असली की 'यि' लागतो: बैलं येतील, 'वस्तायि'. इथे मराठी बायाबापड्यांना एक गोष्ट खटकते, ती आधीच सांगतो. एकवचनात स्त्री आणि नपुंसक यांना तेलुगू एकच प्रत्यय लावते, 'आमे वच्चिंदि' आणि 'कुक्क वच्चिंदि' यांत क्रियापद तेच. यात अनादर नाही. वडीलधाऱ्या बाईसाठी 'वच्चारु' म्हणावं, जसं आपण 'आई आल्या' म्हणतो.

मराठी माणसाला दोन मोठ्या सवलती मिळतात. पहिली म्हणजे बोलणारा पुरुष की बाई याने क्रियापद बदलत नाही, मी आलो आणि मी आले दोन्ही 'वच्चानु'. दुसरी म्हणजे 'मी भाकरी खाल्ली, मी आंबे खाल्ले, मी वरण खाल्लं' असं कर्माकडे पाहून रूप फिरवायची गरज नाही. काहीही खा, 'नेनु तिन्नानु'. आपण नकळत कर्माचं लिंग शोधत थांबतो, ती सवय प्रयत्नाने सोडावी लागते. शिवाय आम्ही आणि आपण हा भेद तेलुगूतही आहे, 'मेमु' आणि 'मनमु'. हिंदी भाषकाला हा भेद समजावून सांगावा लागतो, तुम्हाला तो घरूनच मिळालेला आहे.

आता मुख्य काम. प्रत्येक अनियमित क्रियापदाची तीन रूपं वहीत लिहा आणि तेवढीच पाठ करा. पहिलं 'येऊन' या अर्थाचं, दुसरं 'आलं तर' या अर्थाचं, तिसरं नकाराचा धातू. येणे या क्रियापदाची ही तीन रूपं म्हणजे वच्चि, वस्ते, रा.

पहिल्यातून भूतकाळ निघतो: वच्चानु, वच्चाडु, वच्चिंदि. 'आलेला' हे विशेषण 'वच्चिन' आणि 'आला तरी' हे 'वच्चिना', तेही त्याच्यातूनच. दुसऱ्यातून चालू आणि पुढचा काळ निघतो: वस्तुन्नानु म्हणजे येतोय, वस्तानु म्हणजे येतो किंवा येईन, वस्तू म्हणजे येता येता. तिसऱ्यातून उरलेलं सगळं निघतं, आणि मराठी माणूस चुकतो तो इथेच. रानु म्हणजे येत नाही किंवा येणार नाही. रालेदु म्हणजे आलं नाही. रावालि म्हणजे यायला हवं. रावच्चु म्हणजे येता येईल. राकु किंवा रावद्दु म्हणजे येऊ नको. राकुंडा म्हणजे न येता. राकपोते म्हणजे आलं नाही तर. पाहा, 'रावालि'त नकार काहीच नाही, तरी धातू 'रा' आहे. हवं, नको, चालेल, शक्य आहे हे सगळे अर्थ तेलुगू नकाराच्याच धातूवर उभे करते. म्हणून 'वच्चालि' असं रूप मनाने बनवू नका.

रोजची क्रियापदं याच क्रमाने लिहून देतो, वहीत उतरवून घ्या.

येणे: वच्चि, वस्ते, रा
देणे: इच्चि, इस्ते, इव्व
आणणे: तेच्चि, तेस्ते, ते
जाणे: पोयि, पोते, पो
होणे: अयि, अयिते, का
असणे, राहणे: उंडि, उंटे, उंड
करणे: चेसि, चेस्ते, चेय्य
पाहणे: चूसि, चूस्ते, चूड
खाणे: तिनि, तिंटे, तिन
विकत घेणे: कोनि, कोंटे, कोन
म्हणणे: अनि, अंटे, अन

पहिली तीन नीट पाहा. वच्चि, इच्चि, तेच्चि आणि वस्ते, इस्ते, तेस्ते ही होकारात एकाच साच्यातली आहेत, पण नकारात तिघांच्या वाटा वेगळ्या होतात: रा, इव्व, ते. पहिल्या दोन रूपांवरून तिसरं ओळखता येत नाही, म्हणूनच ते वेगळं पाठ करायचं. धातू दीर्घ स्वरात संपला तर 'आलि'च्या आधी व येतो: रावालि, पोवालि, तेवालि. एरवी सरळ जोडलं जातं: इव्वालि, चेय्यालि, चूडालि, तिनालि. शेवटच्या तीन, म्हणजे खाणे, विकत घेणे आणि म्हणणे यांचा भूतकाळ न दुप्पट करून होतो, तिन्नानु, कोन्नानु, अन्नानु. असणे हेही तसंच, उन्नानु, आणि हे रूप 'मी आहे' या अर्थीही चालतं. फक्त 'ती किंवा ते आहे' याला 'उंदि' म्हणायचं.

'होणे' या क्रियापदापाशी थोडं थांबायला हवं. काम झालं, 'पनि अयिंदि'. काम झालं नाही, 'पनि कालेदु'. त्याच 'का'ला 'आलि' लागून 'कावालि' होतं, शब्दशः व्हायला हवं, आणि वापरात 'हवं'. 'नाकु नीळ्ळु कावालि', मला पाणी हवं. बाजारात सर्वांत जास्त लागणारा हा शब्द होणे याच क्रियापदाचा आहे हे कळलं की तो आणि 'कालेदु' एकमेकांच्या आधाराने लक्षात राहतात.

नकाराचे तीन शब्द वेगळे ओळखले पाहिजेत: लेदु, कादु, वद्दु. वद्दु सोपं, ते आपलं 'नको'. बाकी दोघांना आपण आजकाल 'नाही' या एकाच शब्दात गुंडाळतो आणि तिथे गोंधळ होतो. वस्तू किंवा माणूस जागेवर नाही, तेव्हा लेदु: 'इंट्लो बिय्यम लेदु', घरात तांदूळ नाही. ही वस्तू ती नव्हे, तेव्हा कादु: 'इदि ना इल्लु कादु', हे माझं घर नव्हे. तेव्हा नियम असा ठेवा की मराठीत जिथे 'नव्हे' म्हटलं तर शोभतं तिथे कादु आणि बाकी ठिकाणी लेदु. जुन्या मराठीतला 'नव्हे' ज्यांच्या घरात अजून बोलला जातो, त्यांना हा भेद शिकवावाच लागत नाही. कचेरीत मात्र कान उघडे ठेवा. तिथे कोणी 'इदि कादु' म्हणालं तर त्याचा अर्थ 'हे ते नव्हे' असाही होतो आणि 'हे होणार नाही' असाही. अर्ज परत घेण्यापूर्वी विचारून खात्री करून घ्या.

लेदु पुरुषाप्रमाणे बदलतं: लेनु, लेवु, लेडु, लेदु, लेमु, लेरु. तो घरी नाही, 'वाडु इंट्लो लेडु'. पण हेच भूतकाळाच्या नकारात शेपटासारखं लागतं तेव्हा बदलत नाही: नेनु रालेदु, वाडु रालेदु, वाळ्ळु रालेदु. मी, तो, ते सगळ्यांना एकच रूप. इतकं सोपं दुसऱ्या कुठल्या काळात नाही. त्याला चिकटून एक धोका मात्र आहे. शेपूट बदललं की अर्थ 'शक्य नाही' असा होतो. 'नेनु रालेदु' म्हणजे मी आलो नाही, आणि 'नेनु रालेनु' म्हणजे मला येणं जमणार नाही. 'वाडु रालेदु' म्हणजे तो आला नाही, 'वाडु रालेडु' म्हणजे त्याला येता येणार नाही. सगळा फरक द आणि ड यांच्यातला. मराठी कानाला हा फरक सहज ऐकू येतो, तेव्हा जिभेनेही तो जपावा. बाईबद्दल बोलताना मात्र 'आमे रालेदु' याचे दोन्ही अर्थ होतात आणि ते संदर्भावरूनच ठरतात.

आता अर्थ, म्हणजे आज्ञा, इच्छा, कर्तव्य, संकेत. या भागात मराठी आणि तेलुगू इतक्या जवळ आहेत की मराठी वाक्य मनात ठेवून तेलुगू बोललं तरी बऱ्याचदा बरोबर येतं. 'येतो म्हणून म्हणाला' याचं तेलुगू 'वस्तानु अनि अन्नाडु'. आपलं म्हणून आणि त्यांचं अनि दोन्ही म्हणणे या क्रियापदाची सारखीच रूपं आहेत, आणि आपलं म्हणजे तसं त्यांचं अंटे. 'मला तेलुगू येते' यात आपण येणे वापरतो, तेही येणेच वापरतात. 'करता येतं' आणि 'चेय्यवच्चु' यांतही तेच. 'तू आला असतास तर' हे 'नुव्वु वच्चुंटे' असं होतं, वच्चि आणि असणेचं उंटे मिळून, आपण आला आणि असता जोडतो तसंच. 'तो रोज यायचा' याला 'वाडु रोजू वच्चेवाडु'. हिंदीतून किंवा इंग्रजीतून तेलुगू शिकणाऱ्याला यातलं बरंच परकं वाटतं. मराठीतून शिकणाऱ्याला मराठीतूनच शिकवावं असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

एका ठिकाणी मात्र मराठीवर विसंबू नका. 'मला हवं' याला 'नाकु कावालि' बरोबर आहे, पण 'मला जायला हवं' याला 'नाकु पोवालि' चूक आहे. तिथे 'नेनु पोवालि' म्हणायचं, म्हणजे कर्ता सरळ रूपात ठेवायचा. कावालि एकटं आलं तर नाकु, दुसऱ्या क्रियापदाला आलि लागलं तर नेनु.

'चला, करूया' या अर्थासाठी दां लागतं: पोदां, चेद्दां, इद्दां, तेद्दां, तिंदां, चूद्दां. ही रूपं ऐकूनच पाठ होतात, त्यांच्यासाठी वेगळा अभ्यास करायला नको.

आज्ञार्थात मात्र नियम शोधू नका. ये, 'रा'. जा, 'पो'. दे, 'इव्वु' किंवा 'इय्यि'. कर, 'चेय्यि'. पाहा, 'चूडु'. आदराने बोलताना अंडि लागतं आणि काही धातूंचा स्वर आखूड होतो: पोंडि, तेंडि, इव्वंडि, चूडंडि. येणे या क्रियापदाचं आदरार्थी रूप 'रंडि' होतं. ते पहिल्यांदा ऐकून मराठी माणूस दचकतो आणि बोलायला तर त्याहून संकोचतो. तेलुगूत तो शुद्ध आदराचा शब्द आहे, 'या, बसा' मधला 'या'. संकोच वाटत असेल तर तेलंगणच्या बोलीतलं 'राण्ड्रि' वापरा, इकडे ते अधिक घरगुतीही वाटतं. वडील माणसाला मात्र नुसतं 'रा' म्हणू नका.

यावरून बोलीचा विषय निघतो, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे. पुस्तकातली रूपं परीक्षेसाठी शिका, बोलण्यासाठी आदिलाबादची रूपं शिका, आणि त्यांना अशुद्ध म्हणू नका. पुस्तकात वच्चानु, रस्त्यावर वच्चिन. पुस्तकात वच्चाडु, इकडे वच्चिंडु. वच्चारुचं वच्चिन्रु, वस्तुंदिचं वस्तदि, रालेदुचं राले, तेलियदुचं (माहीत नाही) तेल्वदु, अवुतुंदिचं (होईल) ऐतदि. 'होतं' या अर्थी 'उंडे' इथे सर्रास चालतं. या बोलीच्या सन्मानासाठी झगडलेले कवी काळोजी नारायणराव यांचा 9 सप्टेंबर हा जन्मदिवस तेलंगण भाषा दिन म्हणून पाळला जातो. काळोजींचे वडील मराठी भाषक आणि आई कन्नड भाषक होत्या. मराठी घरातल्या मुलाला तेलंगणची बोली परकी वाटण्याचं काही कारण नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसतं.

बोली आणि पुस्तक यांतला फरक मुख्यतः प्रत्ययांचा आहे. वच्चि, वस्ते, रा हे तीन आधार दोन्हीकडे जवळजवळ तेच राहतात. म्हणून आधार पक्के झालेल्या माणसाला एकीकडून दुसरीकडे जायला फार श्रम पडत नाहीत.

सराव कसा करावा? एका आठवड्यात एकच क्रियापद घ्या. येणे घेतलंत तर दिवसभरात जिथे येणे लागेल तिथे तेच वाक्य तेलुगूत म्हणा, आधी मनात, मग मोठ्याने. बस स्टँडवर 'बस्सु येप्पुडु वस्तुंदि?' बाजार समितीत कापूस घालून आलेल्या शेतकऱ्याला रोज लागणारं वाक्य 'डब्बुलु इंका रालेदु', पैसे अजून आले नाहीत. सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या प्रजावाणीत अर्ज घेऊन गेलात तर 'मळ्ळि येप्पुडु रावालि?', परत कधी यायचं? या तीन वाक्यांत वस्ते आणि रा हे दोन आधार येऊन गेले. संध्याकाळी वहीत होकार आणि नकार समोरासमोर लिहा: वस्ताडु आणि राडु, इस्तानु आणि इव्वनु, चूस्तारु आणि चूडरु, अवुतुंदि आणि कादु. फक्त होकाराची यादी पाठ करणाऱ्याला तेलुगू कळते पण बोलता येत नाही, कारण समोरच्याच्या पहिल्याच प्रश्नाला बहुधा नकारात उत्तर द्यावं लागतं. चूक झाली तर थांबू नका, समोरचा दुरुस्त करेल. इकडची माणसं चार भाषा ऐकत मोठी झालेली आहेत, चुकीच्या रूपाला हसण्यापेक्षा ते बरोबर रूप सांगतात.

पुढे जायचं असेल त्यांनी भद्रिराजू कृष्णमूर्ती आणि ग्विन यांचं 1985 सालचं आधुनिक तेलुगूचं व्याकरण पाहावं. ते इंग्रजीत आहे, पण क्रियापदांचे वर्ग त्यात फार नेटकेपणाने दिले आहेत. मराठीतून असं काम करण्याची परंपरा आपल्याकडे याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. हैदराबाद संस्थानाच्या सेवेत असलेले सेतुमाधवराव पगडी गोंडांमध्ये राहून गोंडी शिकले, त्यांनी गोंडी आणि कोलामीची व्याकरणं लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिलं. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, या कामाची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

मराठी माध्यमाच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर दिलेली अकरा क्रियापदं, त्यांचे तीन आधार आणि शेजारी मराठी अर्थ एवढं एका मोठ्या कागदावर लिहून वर्गात लावा. अभ्यासक्रमात ते नाही म्हणून थांबू नका. चौथी-पाचवीच्या मुलाने तो कागद वर्षभर समोर पाहिला तर दहावीच्या तेलुगू पेपरात क्रियापदाने त्याचे गुण जाणार नाहीत, आणि त्याच्या आईलाही दवाखान्यात, बँकेत, मंडल कार्यालयात स्वतःचं बोलणं स्वतः बोलता येईल, कारण हा कागद मुलं घरी उतरवून नेतात.